पेंटबॉलचा साईज, बॅरलचा बोअर आणि आपला नेम: खान्देशच्या उन्हात हे कसं जुळवायचं

सकाळी आठला जी गन २५ मीटरवरच्या निळ्या ड्रमवर दहातले आठ बॉल मारत होती तीच गन साडेअकराला दहातले तीनच मारते. गन तीच, हात तोच, बॉलची पिशवीसुद्धा तीच. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे मध्ये जे पेंटबॉल, म्हणजे गॅसच्या गनने एकमेकांवर रंग भरलेले बॉल मारायचा खेळ, खेळलेत त्यांना हा अनुभव आलेलाच असेल. आमच्या ग्रुपमध्ये पहिली दोन वर्षं सगळे गनलाच दोष देत होते, कोणी चौदा इंची बॅरल, म्हणजे गनची नळी, मागवली, कोणी ट्रिगर बदलला, एकाने तर अख्खी गन विकून टाकली, आणि घोळ होता बॉलच्या साईजमध्ये. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय, कारण नवीन पोरांचे पैसे नको तिथे जाऊन राहिले ते बघवत नाही.

पहिले तर हे डोक्यातून काढून टाका की डब्यावरचा आकडा म्हणजे बॉलचा खरा साईज. डब्यावर ०.६८ लिहिलेलं असतं, आपण ज्याला सिक्स्टीएट म्हणतो ते, म्हणजे ०.६८ इंच, साधारण १७.३ मिलिमीटर. पण प्रत्यक्षात मोजायला बसलात तर कोणता माल १७.२ निघतो, कोणता १७.५, कधी कधी १७.६ पण. कंपनी बदलली की बदलतो, त्याच कंपनीचा लॉट बदलला की बदलतो, आणि आपल्याकडे तर सकाळ-दुपार बदलतो. असं का, तर बॉल म्हणजे मेडिकलवर मिळते ना ती मऊ व्हिटॅमिन-ई ची कॅप्सूल, तोच प्रकार मोठ्या साईजमध्ये. वरून जिलेटिनचं कवच, आत पॉलिइथिलिन ग्लायकॉल आणि रंग. जिलेटिन हवेतला ओलावा ओढतं, उन्हात मऊ पडतं, कोरड्या थंडीत कडक होतं. मुळात हा बॉल खेळासाठी बनलाच नव्हता, अमेरिकेत जंगलातल्या झाडांवर आणि लांबून गुरांवर खूण करायला नेल्सन नावाच्या रंगाच्या कंपनीने तो काढला होता, आणि त्याचा खेळ झाला २७ जून १९८१ ला, न्यू हॅम्पशायरच्या जंगलात, बारा जणांत. झाडावर टिपका मारायचा असेल तर दोन पॉइंट इकडे तिकडे कोणाला फरक पडत नाही. आपल्याला पडतो.

आता साईजमुळे नेम बिघडतो म्हणजे नेमकं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक लोक चुकीचं धरून बसतात. लोकांना वाटतं की बॅरल टाईट असली की बॉल "सरळ" जातो. तसं नाही. बॅरलचा बोअर म्हणजे नळीचं आतलं माप. बॉल नळीपेक्षा लहान असला तर गॅस बॉलच्या बाजूने निसटून पुढे पळतो, आणि प्रत्येक बॉलला तो वेगवेगळा निसटतो, कारण प्रत्येक बॉल नळीत थोडा वेगळा बसतो. म्हणून एक बॉल सेकंदाला ८५ मीटरने निघतो, दुसरा ८०, तिसरा ८३. बॉल नळीला अगदी बेताने टेकत असला, किंवा नळी केसभर लहान असली, की गॅस सगळा बॉलच्या मागे राहतो आणि सगळे बॉल जवळजवळ एकाच स्पीडने निघतात. बस, एवढंच आहे ते. जुळलेली नळी बॉलला सरळ करत नाही, ती स्पीड एकसारखा करते.

स्पीड एकसारखा झाल्याने काय मिळतं त्याचा हिशोब करून बघा. तीन ग्रॅमचा सिक्स्टीएट बॉल ८५ मीटर सेकंदाने, म्हणजे ग्राऊंडवर चालतो त्या २८० एफपीएसने (फूट दर सेकंदाला) निघाला तर हवेच्या अडथळ्याने ३० मीटरवर पोचेपर्यंत त्याचा स्पीड जवळजवळ अर्धा होऊन जातो, आणि तोपर्यंत तो मीटरभराच्या वर खाली आलेला असतो. तोच बॉल ८० ने निघाला तर अजून पाच-साडेपाच इंच खाली. म्हणजे तुम्ही छातीवर धरला आणि एक बॉल छातीवर, दुसरा पोटावर, तिसरा बंकरच्या, म्हणजे लपायच्या आडोशाच्या, काठावर. हात हललेला नसतो तरी. १० मीटरवर हा फरक कळत पण नाही, म्हणून छोट्या ग्राऊंडवर खेळणारे म्हणतात की साईजचं काही नसतं, आणि त्यांच्यापुरतं ते खरं पण आहे.

डावी-उजवीकडे बॉल पळतो त्याचं कारण वेगळं. तिथे साईजपेक्षा गोलाई मोठी. ज्वारी राखायला माळ्यावर बसलेल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा, गोफणीत गोल गुंडा टाकला तर पाखरांच्या थव्यावर जातो आणि कोनाकोनाचा दगड टाकला तर शेजारच्या वावरात. पेंटबॉलला दोन अर्ध्यांच्या जोडाची शिवण असते, त्या शिवणीवर तो बऱ्याचदा थोडा फुगलेला असतो, किंवा एका बाजूला चपटा, किंवा खळगी पडलेला. असा बॉल हवेत कुठे वळेल हे कोणतीच नळी ठरवू शकत नाही. आणि रायफलसारखे आटे असलेली बॅरल घेऊन पण गोल बॉलला फारसा उपयोग नाही, कारण आत पातळ रंग आहे, कच्चं अंडं जमिनीवर फिरवून बघा, नीट फिरतच नाही ते, तसंच हे. आटे कामाला येतात ते शेपटीला पंख असलेल्या लांबट गोळ्यांना, ते प्रकरणच वेगळं आणि महाग.

तर करायचं काय. मापून सुरुवात करायची. डिजिटल व्हर्निअर असेल तर ठीक, पण मऊ बॉल व्हर्निअरच्या जबड्यात दाबला जातो आणि माप कमी दाखवतो, हे मी बरेच दिवस चुकीचं करत होतो. त्याच्यापेक्षा चांगलं म्हणजे भोकांची पट्टी. आपल्या जळगावच्या एमआयडीसीत लेथवाले भरपूर, कोणालाही सांगा की पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीला सहा भोकं बोअर करून दे, १७.२, १७.३, १७.४, १७.५, १७.६ आणि १७.७, कडा घासून गुळगुळीत, आणि प्रत्येकाखाली आकडा ठोकून दे. एकदाच खर्च होतो, जन्मभर पुरते. बॉल वरून ठेवायचा, दाबायचा नाही, स्वतःच्या वजनाने कोणत्या भोकातून पडतो ते बघायचं. मग तोच बॉल फिरवून शिवण आडवी करून परत. दोन्ही वेळा एकाच भोकातून पडला तर बॉल गोल. एका बाजूने १७.३ मधून पडला आणि दुसऱ्या बाजूने १७.५ लागलं तर असा माल लांबच्या नेमाला धरूच नका, जवळच्या धावपळीत वापरून टाका. पिशवीतले वरचे दोन बघून चालत नाही बरं का, तळातले, मधले, वरचे मिळून दहा-बारा तरी बघा, तळातलेच जास्त चपटे होतात.

पट्टी नसेल तर फुंकर टेस्ट, ही सगळ्यात जुनी आणि ग्राऊंडवर उभ्या उभ्या होणारी. बॅरल गनवरून काढायची, म्हणजे पूर्ण काढायची, गनवर असताना तोंड लावायचं नाही, कधीच नाही. मागच्या बाजूने एक बॉल टाका. घरंगळत सरळ पुढून बाहेर पडला तर नळी मोठी. अडकून बसला, हलक्या फुंकरेने सुळकन निघाला तर जुळली. गाल फुगवून जोर लावावा लागला तर नळी जास्त लहान, अशात बॉल आतच फुटायची भीती. एका बॉलवर निकाल देऊ नका, पाच टाका. दोन घरंगळले, दोन अडकले, एक घट्ट, असं झालं तर तो लॉटच मिक्स आहे, मग सगळ्यात मोठ्या बॉलला चालेल असा बोअर घ्या आणि लांबच्या नेमाची आशा त्या दिवशी सोडून द्या.

नळी बदलायची म्हणजे दरवेळी नवी बॅरल घ्यायची गरज नाही. इन्सर्टवाली बॅरल येते, बाहेरची नळी एकच, आत वेगवेगळ्या बोअरच्या बारीक नळ्या सरकवायच्या. कंपन्या बोअर इंचात लिहितात, ०.६७९ पासून ०.६९५ पर्यंत, म्हणजे १७.२५ ते १७.६५ मिलिमीटर. अख्खा सेट परवडत नसेल तर तीनच घ्या, ०.६८२, ०.६८७ आणि ०.६९१, आपल्याकडे बहुतेक वेळा काम भागतं. माझं स्वतःचं मत असं की बॉल ताजा आणि मऊसर असेल तर मोजलेल्या मापापेक्षा एक नंबर लहान बोअर, आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी कोरड्या थंडीत कवच कडक झालेलं असताना बरोबर मापाचा किंवा एक नंबर मोठा. कडक बॉल टाईट नळीत फुटला की मग नळीत रंग, आणि रंगाळलेल्या नळीतून पुढचे दहा-पंधरा बॉल कुठे जातील ते देव जाणे. नेम बिघडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे खरं तर, साईज वगैरे नंतर. स्वाब, म्हणजे नळी आतून पुसायचा बोळा, खिशात ठेवा आणि फुटल्या फुटल्या नळी पुसा, पुढच्या गेमपर्यंत थांबू नका.

आणि एक महत्त्वाचं. इन्सर्ट बदलला की क्रोनोवर, म्हणजे बॉलचा स्पीड मोजायच्या यंत्रावर, परत जायचं. टाईट नळीत तोच गॅस जास्त कामाला लागतो, म्हणजे सकाळी २८० वर सेट केलेली गन दुपारी लहान इन्सर्ट टाकल्यावर ३०० च्या वर जाऊ शकते. ३०० एफपीएस ही बाहेर खेळायची वरची मर्यादा आहे, ती बाजूला ठेवून नेम सुधारायचा नाही. समोरचा पण आपलाच कोणीतरी असतो.

आता आपल्या हवेचं. हा भाग बाहेरच्या व्हिडिओंत मिळत नाही म्हणून जरा जास्त लिहितो. आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि बंद गाडीत तर त्याहून कितीतरी जास्त. बॉल डिकीत ठेवून पाटणादेवीकडे नाहीतर तोरणमाळला निघालात तर पोचेपर्यंत तळातले बॉल एकमेकांना चिकटून चपटे झालेले असतात. सकाळी १७.३ मधून पडणारा बॉल मी दुपारी त्याच पट्टीवर घातलाय, एका बाजूने पडतो, दुसऱ्या बाजूने अडतो. साईज वाढला असं आपण म्हणतो पण खरं तर तो वाढतो कमी आणि गोलाई जास्त सोडतो. म्हणून बॉल थर्मोकोलच्या खोक्यात न्यायचे, बर्फाची बाटली नुसती नाही तर टॉवेलमध्ये गुंडाळून एका कोपऱ्यात, बॉलला लागायला नको, आणि बॉलची पिशवी घट्ट बंद. पाण्याचा थेंब लागला की जिलेटिन चिकट झालंच समजा. घामाच्या हाताने मूठभर बॉल उचलून हॉपरमध्ये, म्हणजे गनवरच्या बॉलच्या डब्यात, टाकायची सवय पण सोडा, पॉडमधून, म्हणजे जादा बॉल न्यायच्या नळकांड्यातून, थेट ओता. आणि हॉपर पूर्ण भरून उन्हात ठेवू नका, एका गेमला लागतील तेवढेच.

एक किस्सा सांगतो. आमच्या मावसभावाचं रावेरकडे केळीचं काम आहे, आणि केळी पिकवायच्या चेंबरमध्ये १६ ते १८ डिग्री टेंपरेचर असतं. पेंटबॉलला साधारण तेवढंच थंड लागतं, १५ ते २५ च्या मध्ये. मग मीच डोकं लावलं की दोन खोके तिथे ठेवून देऊ, फुकटात कोल्ड स्टोरेज. टेंपरेचर बरोबर होतं. पण केळीचं साल सुकू नये म्हणून त्या चेंबरमध्ये ओलावा ९० टक्क्यांच्या पुढे ठेवतात, हे माझ्या लक्षातच आलं नाही, आणि एका खोक्यातल्या पिशव्यांचं तोंड उघडं होतं. आठ दिवसांनी ते बॉल १७.६ च्या भोकातून पण जाईनात, आणि हाताला गुलाबजामसारखे लागत होते. दुसऱ्या खोक्यातल्या सीलबंद पिशव्या मात्र ठणठणीत निघाल्या. तेव्हापासून माझा नियम, थंडपणा आणि कोरडेपणा दोन्ही पाहिजे, आणि पिशवीचं तोंड क्लिप लावून बंद. घरातली खालची खोली, जमिनीलगत, जिथे आपण उन्हाळ्यात दुपारी झोपतो ती, तीच बॉलला पण चांगली. फ्रीजरमध्ये कधीच नाही, गोठलेले बॉल ठिसूळ होतात आणि आकार बिघडतो. दर दोन-तीन दिवसांनी खोका उलटा करा म्हणजे आतला रंग एका बाजूला बसत नाही. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर उघड्या पिशवीतला माल फुगणारच, त्या दिवसांत लहान पिशव्या घ्या आणि उघडली ती त्याच दिवशी संपवा.

गॅस पण याच उन्हात येतो. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, ३१ डिग्रीच्या वर द्रव म्हणून राहतच नाही, त्यामुळे आपल्या दुपारी टाकीतलं प्रेशर वर चढतं, आणि भराभर फायर केलं की टाकी थंड पडून परत खाली येतं. म्हणजे बॉल-बॅरल तुम्ही कितीही जुळवा, स्पीड गॅसच हलवून ठेवतो. उन्हाळ्यात सीओटूवर खेळत असाल तर टाकी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, गाडीत अजिबात सोडू नका, आणि दर गेमला क्रोनो. जमत असेल तर एचपीए, म्हणजे साधी दाबलेली हवा, रेग्युलेटरवाली टाकी, तिला उन्हाचा फरक खूप कमी पडतो. ती भरायला वेल्डिंगवाल्याकडे जाऊन ऑक्सिजन भरून घ्यायचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर तो आत्ताच काढून टाका, तेलाचा थोडा अंश लागला तरी ऑक्सिजनने स्फोट होतो.

५० कॅलबद्दल बरेच जण विचारतात, म्हणजे ०.५० इंच, १२.७ मिलिमीटरचा छोटा बॉल. वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास, सिक्स्टीएटच्या निम्म्यापेक्षा कमी. लागतो कमी, म्हणून लहान मुलांच्या वाढदिवसाच्या गेमला तो चांगला आणि मी तिथे तोच सांगतो. पण नेमाच्या बाबतीत हलका बॉल हवेत लवकर दमतो. त्याच ८५ च्या स्पीडने सोडलात तर ३० मीटरवर तो सिक्स्टीएटपेक्षा अर्धा-पाऊण फूट जास्त खाली आलेला असेल, आणि मे मध्ये दुपारी आपल्याकडे जो पश्चिमेचा वारा सुटतो त्यात तो बाजूला पण जास्त जातो. १५ मीटरपर्यंत दोघांत फारसा फरक जाणवत नाही. लांब मारायचं असेल तर सिक्स्टीएट, एवढा साधा निर्णय आहे. आणि ५० ची गन वेगळी, सिक्स्टीएटच्या गनमध्ये ५० चा बॉल टाकून काही होत नाही, तो नुसता घरंगळतो.

शेवटी हे सगळं जुळलं का ते ठरवायचं कसं, तर ड्रमवर मारून नाही. वीस मीटरवर दोन बांबूत एक जुनी चादर ताणून बांधा, मध्ये कोळशाने फुली मारा, गन वाळूच्या पोत्यावर टेकवा, मास्क सगळ्यांच्या तोंडावर, चादरीच्या मागे कोणी नाही याची खात्री करा, आणि दहा बॉल सावकाश मारा, प्रत्येकाच्या मध्ये चार-पाच सेकंद. सकाळी वारा पडलेला असताना करा. मग डाग बघा. डाग वर-खाली पसरले असतील तर स्पीड हलतोय, म्हणजे बोअर मोठा आहे नाहीतर गॅसची गडबड. डाग आडवे पसरले असतील तर बॉल गोल नाहीत नाहीतर नळीत रंग आहे. सगळीकडेच पसरले असतील तर पहिले नळी पुसा आणि परत मारा. इन्सर्ट बदलून तेच दहा-दहा बॉल परत मारा, प्रत्येक वेळी डाग वेगळ्या रंगाच्या खडूने घेरून ठेवा, चादर घरी आणून मोजपट्टी लावली की तुमच्या गनला कोणता बोअर आवडतो ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मी माझ्या वहीत तारीख, टेंपरेचर, बॉलचं माप, इन्सर्ट आणि डागांची रुंदी-उंची एवढंच लिहितो, आता चार सीझनच्या नोंदी आहेत आणि कोणत्या महिन्यात कोणता इन्सर्ट लावायचा ते वही उघडली की कळतं.

ज्यांच्याकडे स्वतःची गन नाही, भाड्याच्या गनने खेळतात, त्यांना बोअर बदलता येत नाही, पण बॉल निवडता येतो. काउंटरवर उन्हात उघड्या घमेल्यात ठेवलेले बॉल घेऊ नका, आतली सीलबंद पिशवी मागा, चार बॉल तळहातावर फिरवून बघा, खळगीवाले बाजूला काढा, आणि एक बॉल खांद्याच्या उंचीवरून फरशीवर सोडा. पहिल्याच आपटीत फुटला तर माल कडक झालाय, नळीत फुटेल. पाच-सहा वेळा टप्पे खाऊन पण फुटला नाही तर मऊ पडलाय, समोरच्याला लागून उसळून जाईल. एक-दोन टप्प्यांत फुटला की ती पिशवी उचला, हॉपर सावलीत भरा आणि पहिला गेम सकाळी साडेसातचा घ्या.